पुट संपले, शेअर आलेच नाहीत. मग बायबॅक झाला का?

नागपूरच्या मिहानमध्ये एका अमेरिकी कंपनीच्या ऑफिसात काम करणाऱ्या तरुणाचा हा प्रश्न आहे. पगाराचा काही हिस्सा त्याला कंपनीच्या शेअरच्या रूपात मिळतो, म्हणून तो तिमाही अहवाल वाचतो. (असं करणारे फार थोडे, त्याचं कौतुक.) त्यात त्याला एक ओळ सापडली: बायबॅकच्या (स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याच्या) कार्यक्रमात कंपनीने 20 लाख शेअरवर विकलेले पुट ऑप्शन मुदत संपून रद्द झाले, कोणी वापरले नाहीत. (पुट म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क; तो देणाऱ्याला त्याबद्दल मिळते ती रक्कम म्हणजे प्रीमियम.) तो विचारतो, हे 20 लाख शेअर बायबॅकमध्ये धरायचे की नाही? कंपनीला मिळालेला प्रीमियम नफा समजायचा का? आणि ही बातमी माझ्या शेअरसाठी चांगली की वाईट?

आधी थोडक्यात सांगतो. ते 20 लाख शेअर बायबॅकमध्ये धरायचे नाहीत, कारण ते परत आलेच नाहीत. प्रीमियम कंपनीचा झाला हे खरं, पण त्याला कमाई म्हणू नका. जे शेअर घ्यायचे होते आणि मिळाले नाहीत, ते आता किती महाग पडणार ते आधी काढा, मग त्यातून प्रीमियम वजा करा. बातमी चांगली की वाईट, हे मुदत संपली त्या दिवशी भाव कुठे होता त्यावर ठरतं.

मी बरीच वर्षं मुंबईत एका ब्रोकरच्या डेरिव्हेटिव्ह डेस्कवर काढली आणि आता धरमपेठेत बसून लोकांचे हिशेब बघतो. पुट समजावताना ग्राफ काढण्यापेक्षा संत्र्याचा सौदा सांगितला की नागपुरात लवकर कळतं, म्हणून तिथूनच येतो.

काटोलकडच्या बागवानाला धास्ती आहे की आंबिया बहाराचा भाव पडेल. तो कळमन्याच्या व्यापाऱ्याला म्हणतो, "भाऊ, टनामागे 1,000 रुपये आताच घे. डिसेंबर संपेपर्यंत मी आणून टाकला तर 25,000 रुपये टनाने माझा माल तुला घ्यावाच लागेल. नाही आणला तर हे हजार तुझे." बागवानाने पुट विकत घेतला, व्यापाऱ्याने विकला. डिसेंबरअखेर भाव 32,000 झाला तर बागवान कशाला 25,000 ने देतो? तो सरळ बाजारात जातो. व्यापाऱ्याचे हजार पक्के झाले, पुट संपला.

पण या व्यापाऱ्याने दिल्लीच्या पार्टीला माल कबूल केलेला आहे, ही गोष्ट यात धरा. त्याला संत्री हवीच होती. हजार रुपये खिशात आहेत आणि क्रेट रिकामे. आता तोच माल त्याला 32,000 ने उचलायचा आहे. त्याच्या मुनीमाने वहीत "सौद्यातून 1,000 नफा" असं लिहिलं तर तो मुनीम नोकरीत टिकेल का?

बायबॅक करणारी कंपनी म्हणजे दिल्लीला माल कबूल केलेला हा व्यापारी. साधा ट्रेडर पुट विकतो तेव्हा त्याला शेअर नकोच असतात, प्रीमियम हवा असतो. त्याच्यासाठी संपलेला पुट म्हणजे निखळ कमाई. कंपनीने जाहीर केलेलं असतं की आम्हाला इतके शेअर परत घ्यायचे आहेत. त्यामुळे तोच संपलेला पुट तिच्यासाठी अर्धवट राहिलेलं काम असतं. बातम्यांमध्ये आणि कंपनीच्या निवेदनात हा फरक नेहमी पुसला जातो, आणि तुमचा घोळ तिथेच झालाय.

आकडे घेऊ. ते माझे, समजण्यापुरते. शेअरचा भाव 50 डॉलर. कंपनीला 10 लाख शेअर परत घ्यायचे आहेत. आजच घेतले तर 5 कोटी डॉलर लागतात. त्याऐवजी ती बँकेला सहा महिन्यांचे, 45 च्या स्ट्राइकचे (म्हणजे ठरलेल्या भावाचे), 10 लाख शेअरचे पुट विकते आणि शेअरमागे 2 डॉलर, म्हणजे 20 लाख डॉलर, घेते.

सहा महिन्यांनी भाव 58 असला तर पुट संपले. 20 लाख डॉलर हातात आहेत. आता ते 10 लाख शेअर घ्यायला 5.8 कोटी लागतात. प्रीमियम वजा केला तरी 5.6 कोटी. पहिल्याच दिवशी 5 कोटीत काम झालं असतं. "आमच्या पुट कार्यक्रमातून 20 लाख डॉलर मिळाले" असं अहवालात येईल आणि ते खरंही असेल. 60 लाख डॉलर जादा पडले, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसेल.

भाव 47 ला येऊन थांबला तरी पुट संपतात, आणि ही स्थिती कंपनीला सगळ्यांत सोयीची. प्रीमियम मिळाला, वर बाजारातून 47 ने शेअर घेतले, निव्वळ 45 ला पडले. म्हणजे मुदत संपून रद्द झालेला प्रत्येक पुट सारखा नसतो. 47 ला संपलेला आणि 58 ला संपलेला, अहवालात दोन्हींचं वाक्य एकच असतं.

भाव 30 ला कोसळला तर बँक पुट वापरते. कंपनीला 45 ने शेअर घ्यावे लागतात, प्रीमियम धरून 43 पडतात, आणि बाजारात तेच 30 ला मिळत असतात. पेपरवाले याला फसलेला बायबॅक म्हणतात. पण जिने पहिल्या दिवशी 50 ने घेतले असते, तिच्यापेक्षा ही कंपनी 7 डॉलरने बरीच आहे. तुलना कोणाशी करायची हे आधी ठरवलं नाही तर या विषयात कोणताही निष्कर्ष काढता येतो. माझी तुलना नेहमी पहिल्या दिवशी सरळ खरेदी करणाऱ्याशी असते. तिथे सीमारेषा 52 आहे, म्हणजे आजचा भाव अधिक प्रीमियम. भाव 52 च्या वर गेला की पुट विकण्याऐवजी सरळ घेतले असते तर स्वस्तात सुटलो असतो. खाली राहिला की पुटवाला जिंकला. तुमच्या अहवालातल्या पुटची स्ट्राइक, विकले त्या दिवसाचा भाव आणि प्रीमियम हे तीन आकडे मिळाले की हा हिशेब पाच मिनिटांचा आहे.

भाव पडण्यात दुसरं दुखणं पैशाचं. भाव कोसळतो तेव्हा बहुतेक वेळा कंपनीचा धंदाही मंदावलेला असतो आणि रोकड जपायची असते. नेमके तेव्हाच सगळे पुट एकदम दारात येऊन उभे राहतात. सरळ बायबॅकमध्ये "या तिमाहीत थांबू" म्हणता येतं. विकलेल्या पुटमध्ये ती सोय नाही.

हे मी कल्पनेतून सांगत नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी हा खेळ जोरात खेळला. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या शेअरवर पुट वॉरंट (कंपनीनेच दिलेले पुट) विकून 1998 च्या आर्थिक वर्षात 53.8 कोटी डॉलर, 1999 मध्ये 76.6 कोटी आणि 2000 मध्ये 47.2 कोटी प्रीमियम घेतला. शेअर वरच जात होता, पुट संपत होते, सगळे खूश. अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम 1032 प्रमाणे कंपनीने स्वतःच्या शेअरवर विकलेला ऑप्शन असा संपला तर त्यावर करही नाही. फुकटचा पैसा वाटावा अशीच स्थिती होती. मग 2000 साल उजाडलं. जूनअखेर 15.7 कोटी शेअरचे पुट अजून बाकी होते, स्ट्राइक 70 ते 78 डॉलर. सगळे वापरले गेले असते तर रक्कम 1,100 ते 1,200 कोटी डॉलरच्या घरात जात होती. त्याच डिसेंबरअखेर शेअर 43 डॉलरच्या आसपास होता. कंपनीकडे रोकड प्रचंड होती म्हणून तिला घाम फुटला नाही. तरी एक गंमत झालीच: करारात फरक शेअर देऊन चुकवायची मुभा होती आणि काही पुट तसे नवे शेअर देऊन मिटवले गेले. शेअर कमी करायला सुरू केलेल्या कार्यक्रमातून शेअर वाढले!

इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स या अमेरिकी आयटी कंपनीची गोष्ट मात्र गमतीची नाही. कर्मचाऱ्यांच्या शेअर ऑप्शनचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून या कंपनीने स्वतःच्या शेअरवर पुट आणि फॉरवर्डचे (ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भावाने शेअर घ्यायलाच लागतील असे) करार केले होते. सप्टेंबर 2002 मध्ये तिने नफ्याचा अंदाज खाली आणला आणि शेअर एका दिवसात निम्म्याहून जास्त पडला. आठवडाभरात बाहेर आलं की ते करार मिटवायला कंपनीला सुमारे 22.5 कोटी डॉलर मोजावे लागले, आणि शेअर पुन्हा आपटला. तोवर त्या करारांकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. संपणाऱ्या पुटची सवय लागते, हा त्यातला मोठा धोका.

आता शेअरच्या संख्येकडे येऊ, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. तुम्हाला आणि तुमच्यासारख्या हजारोंना कंपनी दरवर्षी नवे शेअर देते, म्हणजे एकूण शेअर वाढत जातात. अमेरिकेतल्या पुष्कळ कंपन्यांचा बायबॅक मुळात हीच वाढ भरून काढायला असतो. त्या तिमाहीत बायबॅकचं काम पुटवर सोपवलं आणि पुट संपले, तर कमी होणारे 20 लाख शेअर कमी झाले नाहीत आणि तुमच्यासारख्यांना दिलेले मात्र वाढले. प्रतिशेअर कमाईच्या गणितात भागणारा आकडा वाढला. अहवालात "बायबॅक कार्यक्रम सुरू आहे" हे वाक्य आणि शेअरची वाढलेली संख्या शेजारी शेजारी दिसली की गोंधळू नका. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पुट संपल्याने एक दार मात्र उघडतं. पुट चालू असताना शहाणी कंपनी तेवढी रोकड आणि संचालक मंडळाने मंजूर केलेल्या मर्यादेतला तेवढा हिस्सा राखून ठेवते, कारण उद्या शेअर अंगावर आलेच तर घ्यावे लागतील. पुट संपले की ते दोन्ही मोकळं होतं. पुढच्या तिमाहीत कंपनीने बाजारातून जास्त खरेदी केली तर तो नवा उत्साह असेलच असं नाही. थांबलेलं काम पुढे सरकलेलं असू शकतं. अमेरिकेत 2023 पासून बायबॅकवर 1 टक्का कर आहे. तो परत घेतलेल्या शेअरच्या किमतीवर बसतो, म्हणून संपलेल्या पुटवर तो येत नाही. नंतर खरेदी केली की येतो.

हिशेबाच्या वहीत प्रीमियम कुठे जातो, हे देश आणि काळ पाहून ठरतं. मायक्रोसॉफ्टच्या त्या वर्षांत प्रीमियम थेट भागभांडवलाच्या बाजूला जमा व्हायचा, नफा-तोटा पत्रकाला स्पर्शही नाही. 2003 मध्ये अमेरिकेत नियम बदलला. तेव्हापासून असा विकलेला पुट दायित्व म्हणून दाखवावा लागतो आणि त्याची किंमत जशी हलेल तसा फरक नफा-तोट्यात येतो. पुट संपला म्हणजे दायित्व शून्यावर आलं, तेव्हा तो फरक नफा म्हणून उतरतो. आपल्याकडच्या इंड एएस 32 या हिशेबाच्या मानकाची तऱ्हा वेगळी: शेअर प्रत्यक्ष घेण्याचा करार असेल तर प्रीमियमची नव्हे, पूर्ण स्ट्राइकच्या रकमेची आजची किंमत दायित्वात धरायची; पुट वापरलाच नाही तर ते दायित्व पुन्हा इक्विटीत वळवायचं. तुमची कंपनी अमेरिकी, त्यामुळे तिच्या अहवालात त्या तिमाहीत "इतर उत्पन्न" थोडं फुगलेलं दिसलं तर आधी इथे शोधा. ते उत्पन्न विक्रीतून आलेलं नाही आणि दर तिमाहीला येणारही नाही.

काही कंपन्या याच गोष्टीला दुसरं रूप देतात. कंपनी बँकेला रक्कम आगाऊ देऊन टाकते. मुदतीला भाव ठरलेल्या पातळीखाली असेल तर बँक शेअर देते; वर असेल तर रक्कम आणि वर थोडा मोबदला परत करते. याहू या इंटरनेट कंपनीने पूर्वी असे करार बरेच केले. आतून हा पुटच आहे, फक्त पैसे आधी दिलेले. भाव वर राहिला तर रोख पुन्हा रोखच होते. रोखप्रवाह पत्रकात मात्र एका तिमाहीत बायबॅकवर मोठा खर्च आणि पुढच्या एखाद्या तिमाहीत तोच पैसा परत आलेला दिसतो. पहिल्या तिमाहीचा आकडा पाहून "किती मोठा बायबॅक!" म्हणणारे विश्लेषक मी पाहिलेत.

भावाचं काय? इथे जरा थांबायला हवं, कारण हा भाग बाहेर कोणी सांगत नाही. कंपनीकडून पुट विकत घेणारी बँक भाव पडण्यावर पैज लावत नसते. पुट घेतला की ती हेज म्हणून, म्हणजे भाव कुठेही गेला तरी आपलं नुकसान होऊ नये म्हणून, थोडे शेअर बाजारातून विकत घेते. आपल्या उदाहरणात पुटचा डेल्टा (शेअर एक डॉलर हलला की पुटची किंमत किती हलते तो आकडा) 0.30 धरला तर 10 लाखांच्या पुटमागे बँक सुरुवातीलाच 3 लाख शेअर घेऊन बसते. भाव पडायला लागला की ती आणखी घेते. 45 च्या बरीच खाली आणि मुदत जवळ आली की जवळजवळ सगळे 10 लाख तिच्याकडे असतात, आणि तेच ती कंपनीच्या पदरात टाकते. भाव चढला की उलट होतं, ती हळूहळू विकते. म्हणजे कंपनीने पुट विकल्यापासूनच तिच्या वतीने जणू बँक पडत्या भावात घेते आणि चढत्या भावात विकते. यामुळे शेअरचे हेलकावे थोडे कमी होतात, आणि मुदत संपताना भाव स्ट्राइकच्या आसपास असेल तर तिथेच रेंगाळू शकतो.

पुट निरुपयोगी होऊन संपला की बँकेच्या हातातल्या हेजला कारण उरत नाही, राहिलेले शेअर ती विकून मोकळी होते. बायबॅकच्या नावाने बाजाराला आधार मिळायला हवा होता आणि त्या शेवटच्या दिवसांत थोडा माल बाहेर येतो. भाव स्ट्राइकपासून दूर वर असेल तर हा माल आधीच निघून गेलेला असतो, तेव्हा शेवटी काही जाणवत नाही. स्ट्राइकच्या जरा वर असेल तर जाणवतं. रोज कोट्यवधी शेअरची उलाढाल असणाऱ्या कंपनीत 20 लाखांच्या पुटमुळे काही हलणार नाही. याची भीती मनात ठेवू नका.

यात आणखी एक गल्लत होते. एक्स्चेंजवर दर महिन्याला जे पुट संपतात, ज्यांचा ओपन इंटरेस्ट (अजून न मिटलेल्या सौद्यांची संख्या) तुम्ही मोबाइलवर बघता, त्यांचा कंपनीच्या बायबॅकशी काहीच संबंध नाही. ते दोन तिऱ्हाइतांमधले सौदे आहेत. कंपनी त्यात ना घेणारी ना देणारी. तिथे हेजची दिशाही बहुधा उलटी असते. सामान्य माणसं भीतीपोटी पुट विकत घेतात, समोरचा मार्केट मेकर (खरेदी-विक्री दोन्हींचे भाव देणारा) तो विकून हेजसाठी शेअर शॉर्ट करतो, म्हणजे उसने घेऊन विकतो, आणि पुट संपले की तो शॉर्ट कापायला शेअर विकत घेतो. कंपनीचा पुट संपल्यावर थोडी विक्री, लोकांचे पुट संपल्यावर थोडी खरेदी. "एक्स्पायरीला (मुदत संपण्याच्या दिवशी) पुट झिरो झाले की शेअर वर जातो" हे सीताबर्डीच्या चहाच्या टपरीवर ऐकलेलं वाक्य दुसऱ्या प्रकाराबद्दल कधीमधी खरं ठरतं. पहिल्याला ते लावू नका.

भारतीय कंपनीचा अहवाल वाचताना ही ओळ तुम्हाला सापडणार नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 68 ने बायबॅकचे मार्ग ठरवून दिलेत, आणि बाजार नियामक सेबीच्या 2018 च्या नियमांनी वाटाघाटीचे किंवा खासगी सौदे बंद केलेत. बँकेशी गुपचूप केलेला पुट त्यात बसत नाही. वर भरणा भांडवल आणि मुक्त राखीव निधीच्या 25 टक्क्यांची मर्यादा, दोन बायबॅकमध्ये वर्षाचं अंतर, आणि घेतलेले शेअर रद्द करूनच टाकायचे. मला हे बरं वाटतं. आपल्याकडच्या काही प्रवर्तकांच्या हातात स्वतःच्या शेअरचे पुट विकायची मुभा दिली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको.

पण पुट आपल्या इथेही आहे, फक्त उलट्या बाजूने, आणि नागपुरातले पुष्कळ शेअरधारक तो न वापरता संपू देतात. टेंडर पद्धतीचा बायबॅक म्हणजे कंपनीने भागधारकाला फुकट दिलेला पुट: ठरलेल्या भावाला, ठरलेल्या दिवसांत, तुमच्या वाट्याचे इतके शेअर मला विका, नको असेल तर नका विकू. इन्फोसिसने सप्टेंबर 2025 मध्ये 1,800 रुपयांनी 10 कोटी शेअरचा, 18,000 कोटींचा बायबॅक जाहीर केला तेव्हा बाजारभाव 1,500 च्या आसपास होता. 1,800 चा फुकटचा पुट, मग सगळ्यांनीच वापरला पाहिजे ना? प्रवर्तकांनी भाग घेतला नाही. मोठ्या उत्पन्नाच्या बऱ्याच लोकांनाही मी "सोडा" म्हणालो. कारण ऑक्टोबर 2024 पासून बायबॅकची सगळी रक्कम लाभांश म्हणून करपात्र झाली होती. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला सेस धरून 31.2 टक्के, म्हणजे 1,800 पैकी 1,238 रुपये हातात. शेअरची मूळ खरेदी किंमत तेवढी भांडवली तोटा म्हणून पुढे ओढायची. ज्याला ओढायला समोर भांडवली नफाच नाही, त्याच्यासाठी पुटची खरी स्ट्राइक 1,800 नसून 1,238 होती. अशा माणसाने पुट संपू दिला तर शहाणपणच केलं. करच न लागणाऱ्या गृहिणीच्या किंवा निवृत्त शिक्षकाच्या खात्यात तोच पुट सोन्यासारखा. (हा करनियम बदलत राहतो, ज्या वर्षीचा बायबॅक, त्या वर्षीचा नियम काढून बघा.)

आणि इथे कंपनीच्या बाजूने काय होतं ते बघा. तुम्ही हक्क सोडला म्हणून इन्फोसिसचा बायबॅक कमी होत नाही. ज्यांनी हक्कापेक्षा जास्त शेअर टेंडर केले (विकायला दिले), त्यांचे जादा शेअर त्या जागी घेतले जातात. एकाचा पुट संपतो, दुसऱ्याचा वापरला जातो, 10 कोटींचा आकडा भरून निघतो. तुमच्या अमेरिकी कंपनीच्या पुटमागे असा दुसरा कोणी उभा नसतो. बँकेने वापरला नाही की तो आकडा मोकळाच राहतो.

यात मी स्वतः एकदा हात पोळून घेतले आहेत. एका कंपनीचा टेंडर बायबॅक येणार हे जाहीर झालं होतं, भाव 960, बायबॅक 1,150 ला. रेकॉर्ड डेटला (कोणाकडे किती शेअर आहेत हे कंपनी ज्या दिवशी पाहते त्या दिवशी) 2 लाख रुपयांपर्यंतच्या किमतीचे शेअर असणाऱ्या छोट्या भागधारकांसाठी 15 टक्के राखीव असतात, तेव्हा साधारण 190 शेअर घेतले की काम झालं असतं. मी हुशारी केली: शेअर घेण्याऐवजी 940 चा पुट विकला, 12 रुपयांनी. म्हटलं, भाव पडला तर 928 ला शेअर पडतील, नाही पडला तर प्रीमियम. भाव 1,010 वर गेला, पुट झिरो झाला, 600 शेअरच्या लॉटवर (एका सौद्यातल्या ठरलेल्या संख्येवर) 7,200 रुपये मिळाले आणि बायबॅक हातचा गेला, कारण पुढच्या महिन्याची एक्स्पायरी रेकॉर्ड डेटच्या नंतर होती. त्याहून शरमेची गोष्ट घरी येऊन हिशेब केला तेव्हा कळली. पुट अंगावर आला असता तर 600 शेअर, म्हणजे साडेपाच लाखांहून जास्त. छोट्या भागधारकाच्या कोट्यातून मी तसाही बाहेरच पडलो असतो. आणि आपल्याकडे शेअर ऑप्शनची डिलिव्हरी एक्स्पायरीच्या दिवशी खात्यात दिसत नाही, सेटलमेंट झाल्यावर दिसते; रेकॉर्ड डेट त्याच आठवड्यात असेल तर तेही गणित फसतं. बायकोने एवढंच विचारलं, "मग 190 शेअरच घेतले का नाहीत?"

तुमच्या अहवालात आता तीन ठिकाणी बघा. बायबॅकच्या टीपेत अजून किती पुट बाकी आहेत आणि त्यांची स्ट्राइक आजच्या भावाच्या वर आहे की खाली. वर असेल तर ती उद्याची देणी आहेत. दुसरं, "प्रत्यक्ष परत घेतलेले शेअर" हा महिन्यावार तक्ता. पुटची कुठलीही ओळ वाचण्याआधी हा वाचावा. आणि तिसरं, वर्षभरापूर्वीची सरासरी शेअरसंख्या आणि आताची. बायबॅकचा एवढा गाजावाजा करूनही ती वाढलेली असेल, तर तुमच्या 20 लाख पुटचं काय झालं त्याचं उत्तर त्याच आकड्यात आहे.